होस्ट्स फाइलमधल्या ओळी

फेब्रुवारी २०२४. ९७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव अमळनेरातून उतरून आठवडा झाला होता. संमेलनामुळे गावातल्या सगळ्या डीटीपीवाल्यांना काम मिळालं, थोडं माझ्याही दुकानात आलं. ते संपेपर्यंत लग्नाच्या पत्रिका येऊन पडल्या.

त्या दिवशी पारोळ्याकडचे एक बापू मुलीच्या लग्नाची पत्रिका शेवटची तपासायला खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले होते. कुलदैवताच्या ओळीपासून बोट फिरवत ते खाली आले आणि थबकले. मुलीच्या आजोबांच्या नावाआधी मी 'कै.' लावलं होतं. जुन्या पत्रिकेवरून नक्कल करताना राहून गेलं होतं. आजोबा घरी खाटेवर बसून नातीच्या लग्नाची वाट बघत होते. मला इतकी लाज वाटली की मी काही न बोलता माउस त्या अक्षरांवर नेला. 'कै.' पुसलं, आणि सेव्ह करायला जाणार तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली. इंग्रजीत लिहिलं होतं: हे सॉफ्टवेअर अधिकृत नाही, सेव्ह, प्रिंट आणि एक्स्पोर्ट बंद केले आहेत.

"काय व्हयनं भाऊ?" बापूंनी विचारलं.

"नेट गेलं," मी म्हणालो. ते खोटं होतं. त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं, ते गेल्यावर नेटची वायर खरोखरच उपसून काढली, आणि शटर अर्धं ओढून बसलो. फाइलमध्ये आजोबा अजून कैलासवासीच होते, आणि ती दुरुस्ती साठवायची सोय माझ्याकडे नव्हती.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक लग्नपत्रिका ज्या सॉफ्टवेअरवर होतात, तेच हे. २०११ साली दुकान टाकलं तेव्हा जळगावहून एक मुलगा आला होता, आम्ही त्याला इंजिनिअर म्हणायचो. एका मशीनचे पाचशे रुपये घेऊन त्याने पेनड्राइव्हवरून विंडोज, डिझाइनचं सॉफ्टवेअर, फॉन्ट, सगळं भरून दिलं. पुढे मशीन बदलली, आवृत्त्या बदलल्या, मुलगा तोच राहिला. त्याची पद्धतही तीच: आधी नेट काढा, अँटिव्हायरस बंद करा, मग क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणारा छोटा प्रोग्राम, चालवा. मी कधी विचारलं नाही की अँटिव्हायरस का बंद करायचा. बाजारात सगळ्यांकडे असंच होतं, आणि सगळ्यांकडे आहे म्हटलं की मन प्रश्न विचारत नाही.

पण भीती होतीच. दर दिवाळीच्या सुमाराला एक बातमी फिरायची: धुळ्यात कंपनीची माणसं आली, मशीन उचलून नेल्या. कोणाच्या दुकानातून, कधी, ते सांगणाऱ्याला माहीत नसायचं. तरी दोन दिवस आम्ही सगळे अनोळखी शर्ट-पँटवाल्या गिऱ्हाइकाकडे निरखून बघायचो. ती चौकट उघडली त्या क्षणी मला वाटलं, झालं, त्यांनी मला पाहिलं. माझं नाव, दुकान, बापूंची पत्रिका, सगळं कुठेतरी कोणाच्या तरी पडद्यावर दिसतंय.

त्या भीतीत मी जे केलं ते मुद्दाम सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण तेच करतील. मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं. पहिला नंबर दिसला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे हिंदीत बोलत होता. त्याने नेट पुन्हा जोडायला लावलं आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला सांगितलं. तिथे लाल खुणांची लांबलचक यादी होती. "ये सब आपके उल्लंघन हैं, तीन साल से आपका कंप्यूटर हमारी निगरानी में है," तो म्हणाला. माझे हात गार पडले. मग म्हणाला, अडतीस हजार रुपये भरले की प्रकरण मिटेल, त्यासाठी एक अ‍ॅप टाका आणि त्यावर दिसणारा नऊ आकडी कोड मला वाचून दाखवा. नोंदणीचे दहा रुपये आधी नेट बँकिंगवरून.

कोडचे सहा आकडे मी वाचले होते. सातव्याला थांबलो, ते दहा रुपयांमुळे. दूरवरून मोबाइल किंवा संगणक ताब्यात घेणाऱ्या अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केलं होतं. आमच्या बँकेत तेव्हा त्याचा कागद चिकटवलेला होता आणि चलन भरायच्या रांगेत उभा असताना मी तो कितीतरी वेळा वाचला होता. फोन ठेवला. त्या माणसाने पुढचे दोन दिवस फोन केले. नंबर मी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला. पैसे गेले नव्हते. गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हेही तेव्हाच नीट कळलं. आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या त्या लाल खुणा? जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये असतात. प्रिंटर वेळेवर जागा झाला नाही तरी तिथे लाल खूण उमटते.

संध्याकाळी बापू आले. त्यांच्यासमोरच शेजारच्या गल्लीतल्या मित्राच्या दुकानात जाऊन पत्रिका त्याच्या मशीनवर नव्याने बसवून घेतली. त्याचंही सॉफ्टवेअर माझ्याच जातीचं होतं.

रात्री समोरच्या वाड्यातले नाना ओट्यावर बसले होते. निवृत्त शिक्षक आहेत, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "नाना, एकदा बनवायचं आणि लाख लोकांना विकायचं. माझ्यासारख्याने एक कॉपी घेतली तर त्यांचं काय जातं?" नाना रागावले नाहीत. त्यांनी नुसतं गिरणीच्या दिशेने बघितलं. अमळनेरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची गिरणी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच आजची विप्रो. तेलातुपाची कंपनी पुढे संगणकाकडे वळली आणि जुने शेअर सांभाळून ठेवलेली आमच्या गावातली कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. नानांच्या मोठ्या मुलीचं शिक्षणही त्यातूनच झालं. "आपल्या गावाने सॉफ्टवेअरचं खाल्लंय रे," ते म्हणाले, "त्याला किंमत नाही असं तू कसं म्हणतोस?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ काढून कलम ६३-ब दाखवलं. संगणकाच्या प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. माझा तर धंदाच होता. कलम ६४ खाली फौजदार किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवायही प्रती जप्त करू शकतो. कंपनीचा माणूस मात्र आपल्या अधिकारात दुकानात घुसून मशीन नेऊ शकत नाही. त्याला पोलीस लागतात किंवा न्यायालयाचा आदेश. "फोनवर तडजोडीचे पैसे मागणारा कोणीही खरा नसतो असं धरून चाला," ते म्हणाले. "आणि 'जाणूनबुजून' हा शब्द बघा. काल ती चौकट वाचल्यावर तुम्ही जाणते झालात." फी घेतली नाही. त्यांच्या मुलीची पत्रिका मीच केली होती.

शनिवारी धुळ्याहून पुतण्या आला. तिथे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला सर्वात आधी हे जाणून घ्यायचं होतं की इतकी वर्षं गप्प असलेलं सॉफ्टवेअर एकाएकी बोललं कसं. त्याने होस्ट्स नावाची फाइल उघडली. साधी मजकुराची फाइल असते, संगणक कुठल्याही पत्त्यावर जाण्याआधी तिच्यात डोकावतो. इंजिनिअरने तिथे कंपन्यांच्या तपासणी सर्व्हरची नावं लिहून प्रत्येकाच्या आधी १२७.०.०.१ टाकलेलं असतं, म्हणजे स्वतःचाच पत्ता. सॉफ्टवेअर विचारायला निघतं आणि आपल्याच दारात परत येतं. पण माझी फाइल कोरी होती.

"काका, मागच्या आठवड्यात विंडोजने काही धोका दाखवला होता का?"

दाखवला होता. होस्ट्स फाइल कोणीतरी बदलली आहे असा इशारा होता, आणि दुकानात मदतीला येणाऱ्या पोराने 'काढून टाका' दाबलं होतं. मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर अडवणाऱ्या ओळी दिसल्या तर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, २०२० पासून त्याला धोका समजतो आणि परवानगी दिली की फाइल मूळ कोऱ्या स्थितीत आणतो. इंजिनिअरने सगळ्या कंपन्यांच्या ओळी एकाच ठिकाणी लिहिल्या होत्या, सगळ्याच पुसल्या गेल्या. सॉफ्टवेअरला कितीतरी वर्षांनी बाहेरचं दार उघडं मिळालं. त्याने आपला सिरियल नंबर आणि मशीनची ओळख पाठवली. तो सिरियल नंबर माझ्यासारख्या किती मशीनवर चालत असेल देव जाणे, तो बाद यादीत होता. उत्तर आलं, चौकट उघडली. कोणी माणूस मला बघत नव्हता.

हे ऐकून मला हायसं वाटलं, पण पुतण्या तिथे थांबला नाही. त्याने डिफेंडरची सूट दिलेल्या जागांची यादी काढली. तिच्यात एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा. म्हणजे पहारेकरी होता, पण त्याला घरात कुठेच बघायचं नाही असं सांगून ठेवलेलं. होस्ट्स फाइलचा इशारा तेवढा त्यातूनही कसाबसा वर आला होता. मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडला. संगणक सुरू झाला की आपोआप चालणारी दोन कामं होती. एक विंडोजच्या नकली ॲक्टिव्हेशनचं. मोठ्या कार्यालयात निदान पंचवीस संगणक असले की त्यांचा स्वतःचा सर्व्हर सगळ्यांना १८० दिवसांची मुदत देतो आणि वेळोवेळी ती वाढवतो; हे साधन माझ्या मशीनच्या पोटात तसा सर्व्हर असल्याचं सोंग करत होतं. दुसऱ्या कामाचं नाव एखाद्या अपडेटसारखं होतं, पण ते ज्या फोल्डरमधून चालत होतं तिथे अपडेट राहत नाहीत.

पुतण्याने कुठला प्रोग्राम नेटवर किती पाठवतो ते दाखवणारा रिसोर्स मॉनिटर लावला आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो. सगळे प्रोग्राम बंद, ब्राउझर बंद. तरी त्या दुसऱ्या कामाच्या नावापुढचा आकडा हलत होता. थोडं थोडं काहीतरी बाहेर जात होतं, देशाबाहेरच्या कुठल्याशा पत्त्यावर. सूट काढून, नेट तोडून, ऑफलाइन स्कॅन केलं तेव्हा डिफेंडरने त्याला ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणाऱ्या जातीतला ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन शिरलेला घातक प्रोग्राम, म्हटलं. फाइलची तारीख इंजिनिअरच्या शेवटच्या भेटीची होती.

त्या मशीनवर फक्त पत्रिका नव्हत्या. जून-जुलैत माझ्या दुकानात प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे अर्ज भरायला रांग लागते. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्ड पाठवतात, जातीचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक. सगळं डाउनलोड्समध्ये पडून होतं. काही मुलींच्या अर्जांचे पासवर्डही ब्राउझरने लक्षात ठेवलेले होते, कारण मी 'सेव्ह करा' म्हटलं होतं. कंपनी माझ्याकडे बघतेय म्हणून मी एवढा घाबरलो, आणि इतके दिवस ज्याने बघितलं त्याला मीच पाचशे रुपये देऊन आत घेतलं होतं. माझ्यापेक्षा इतरांचं जास्त उघडं पडलं होतं.

पुढचे चार दिवस मी वहीतून नंबर काढून फोन करत होतो. माझा मेल, बँक, जीएसटी, सगळे पासवर्ड आधी दुसऱ्या मोबाइलवरून बदलले. मग गिऱ्हाइकांना. "ताई, मागच्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्याकडे भरला होता, त्याचा पासवर्ड बदलून घ्या, माझ्या मशीनमध्ये चोर शिरला होता." काहींना कळलं नाही, त्यांना दुकानात बोलावून मीच समोर बदलायला लावला. एक भाऊ चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. एका आजींनी विचारलं, माझं आधार आता रद्द होणार का? त्यांना बायोमेट्रिक लॉक करून दिलं.

दुकानातल्या दोन्ही मशीन, एक ब्रँडेड आणि एक जुळवून बनवलेली, पुसायच्या ठरल्या. माझ्या ओळखीचा पारोळ्याचा एक मुद्रक २०२० मध्ये याच वाटेने गेला होता. क्रॅकमधून आलेल्या रॅन्समवेअरने त्याच्या सगळ्या फाइल्स कुलूपबंद केल्या. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. त्या जातीच्या रॅन्समवेअरवर एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये फुकट तोडगा काढला होता, पण तो बहुतांशी जुन्या प्रकारांवर चालत होता, त्याचा नवा निघाला. त्याच्या दहा वर्षांच्या पत्रिका गेल्या. म्हणून मी आधी फक्त कामाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, एकही प्रोग्राम नाही.

ब्रँडेड मशीन पुसताना जे दिसलं त्याने मला सर्वात जास्त वाईट वाटलं. पुतण्याने एका ओळीचा आदेश दिला आणि पडद्यावर पंचवीस अक्षरांची की उमटली. २०१८ मध्ये मी हे मशीन घेतलं तेव्हा त्याच्यासोबत विंडोज १० होम आलेलं होतं, पैसे मोजलेलं, की मदरबोर्डमध्येच कोरलेली. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्या असंच देतात. इंजिनिअरने सवयीने ते काढून त्यावर विंडोजची नकली प्रो आवृत्ती टाकली होती. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मूळ होम उतरवून पुन्हा बसवलं, नेट जोडलं, काही विचारलं नाही, आपोआप ॲक्टिव्हेट झालं. सहा वर्षं मी स्वतःच्या विकत घेतलेल्या मशीनवर चोर म्हणून बसलो होतो.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा एकच परवाना घेतला, त्याच मशीनसाठी. दोन महिन्यांच्या दुकानभाड्याहून जास्त गेले. इथे माझी तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतो. आमचं उत्पन्न लग्नसराई, शाळा आणि निवडणुकांचं. मध्ये महिनेच्या महिने शाई सुकते. पैसे भरायची पद्धत मात्र वर्षभर पगार मिळणाऱ्या माणसासाठी आखलेली. करारनामा इंग्रजीत, लांबलचक, आणि त्यात कंपनीला आपला वापर तपासण्याचा हक्क दिलेलं कलम. मराठीत चार पानं दिली असती तर मी वाचून सही केली असती. नुसतं 'मान्य आहे' दाबण्याने मान्य होत नाही.

दुसरं, जुळवून बनवलेलं मशीन. त्यावर विंडोजऐवजी उबुंटू टाकलं, आणि डिझाइनसाठी इंकस्केप, पानं मांडायला स्क्रायबस. हे फुकट आहे आणि चोरीचं नाही, हे आईला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. प्रिंटर चालला. व्हिनाइल कटर चालला नाही, तो पहिल्या मशीनला जोडावा लागला. खरी अडचण फॉन्टची. आमचे जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. 'श्री' दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट बदलला की अख्खी पत्रिका कचरा होते. इंकस्केप आमच्या जुन्या फाइल्स उघडतं, वेलबुट्टी येते, मजकूर विस्कटतो. नवीन कामं मी मुक्त परवान्याच्या युनिकोड फॉन्टवर सुरू केली. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या मुक्त फॉन्टवर नावं छान बसतात, आणि टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. पत्रिकेत 'लग्न' शब्दाचा ल हिंदी वळणाचा आला की आमच्याकडची म्हातारी माणसं बरोबर ओळखतात.

देखरेखीची शंका माझ्या मनातून गेलेली नव्हती. पुतण्यानेच सांगितलं की ती अगदी वेडेपणाची नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टची अस्सलपणा तपासणारी यंत्रणा रोज कंपनीशी संपर्क साधत होती, हे कंपनीला मान्य करावं लागलं. त्याआधी, २००५ मध्ये, सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की नकलेपासून बचावाच्या नावाखाली एक लपलेला प्रोग्राम बसत होता. त्याच्या आडोशाला व्हायरसही लपू लागले, सीडी परत घ्याव्या लागल्या. म्हणून मी कंपनीला मेल लिहिला: मी परवानाधारक आहे, तुमचं सॉफ्टवेअर माझ्या मशीनवरून काय काय पाठवतं? अकरा दिवसांनी उत्तर आलं. सिरियल, मशीनची ओळख, आवृत्ती, आयपी पत्ता हे लागतंच; वापराची माहिती ऐच्छिक, अमुक ठिकाणी बंद करता येते. बंद केली. विंडोजमध्येही निदानाची ऐच्छिक माहिती बंद केली, गरजेची बंद होत नाही.

आता गिऱ्हाइकाचा कागद काम झाल्यावर त्याच्यासमोर पुसतो. शुक्रवारी दुकान बंद करताना रिसोर्स मॉनिटर उघडून पाच मिनिटं बसतो. डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू केलं की त्याच्या नावापुढे आकडा येतो, थोडा वाढतो, आणि शून्यावर येऊन थांबतो. मग जुन्या पत्रिका काढतो, रात्री पाच, युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला. २०२४ च्या त्या पत्रिकेशी आलो तेव्हा मित्राच्या मशीनवरची दुरुस्त प्रत माझ्याकडे नव्हतीच, जुनीच होती. आजोबांच्या नावाआधीचं 'कै.' पुसलं, सेव्ह केलं, आणि बापूंना फोन लावून विचारलं, आजोबांची तब्येत कशी आहे? शेतात गेलेत म्हणाले.